जुन्या गाडीतून ऑइल, कूलंट गळतंय : स्टॉप लीकची बाटली कधी टाकायची, कधी नाही

सकाळी गाडी बाहेर काढली की फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसतो, आणि आठवड्याभरात तो पंजाएवढा होतो. डिपस्टिकवरची रेघ दोन महिन्यांत वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर येते. सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलं की बॉनेटच्या फटीतून जळक्या तेलाचा वास येतो. काही गाड्यांत ऑइलची तक्रार नसते, पण कूलंटची टाकी दर आठवड्याला भरावी लागते आणि तुळजापूरचा घाट चढताना तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर सरकतो. कुणाचं स्टिअरिंग पूर्ण वळवलं की कुईं करतं आणि पॉवर स्टिअरिंगच्या डबीतली पातळी उतरत राहते.

मारुती ८००, झेन, वॅगन आर, सँट्रो, इंडिका, बोलेरो अशा पंधरा-वीस वर्षं चाललेल्या गाड्या सोलापुरात अजून भरपूर आहेत. घरच्या आणि ओळखीतल्या अशा गाड्यांच्या गळत्या मी बरीच वर्षं काढतोय. प्रश्न ठरलेला असतो : "काका, ते गळती बंद करायचं औषध मिळतं बाटलीत, ते टाकू का?" ते औषध, म्हणजे स्टॉप लीक, खोटं नाही. पण ते एकाच प्रकारच्या गळतीवर चालतं, आणि तुमची गळती त्या प्रकारची आहे की नाही हे बघितल्याशिवाय ते ओतलं तर पैसे जातात, कधी रेडिएटरही जातो. म्हणून खालच्या क्रमाने जा. बहुतेक गाड्या बाटलीपर्यंत पोचायच्या आधीच बऱ्या होतात.

काय गळतंय ते आधी ओळखा

याला खर्च शून्य. चादरीच्या दुकानातून पुठ्ठ्याचं मोठं खोकं मागून आणा, उघडून सपाट करा आणि रात्री इंजिनखाली सरकवा. वर्तमानपत्र नको, त्यावर थेंब पसरतो आणि रंग कळत नाही. पुठ्ठ्यावर पुढच्या दोन्ही चाकांच्या जागा पेनने आखून ठेवा, म्हणजे थेंब इंजिनाच्या कोणत्या बाजूचा ते सकाळी सांगता येतं.

तपकिरी-काळं आणि बुळबुळीत असेल तर इंजिन ऑइल. घट्ट आणि उग्र वासाचं असेल तर गिअर ऑइल. लालसर, पातळ असेल तर बहुधा पॉवर स्टिअरिंगचं. हिरवं, गुलाबी किंवा केशरी आणि वासाला गोडसर असेल तर कूलंट. ते विषारी असतं आणि गोडसर चवीमुळे कुत्री ते चाटतात, म्हणून सांडलेलं लगेच धुऊन टाका. डाव्या बाजूला नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, तो बिघाड नाही. मात्र रेडिएटरमध्ये तुम्ही साधं पाणीच घालत असाल तर दोन्ही सारखीच दिसतात. एक दिवस एसी न लावता गाडी चालवा आणि परत बघा.

फिक्कट पिवळं, पाण्यासारखं पातळ पण तेलकट असं काही चाकाच्या आतल्या अंगाला किंवा ब्रेक पेडलच्या आसपास दिसलं तर ते ब्रेक ऑइल समजा. पुढचं काही वाचत बसू नका, गाडी उभी ठेवा. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

पुठ्ठा चार रात्री कोरडा आणि तरी डिपस्टिकची रेघ उतरते, असं असेल तर गाडी ऑइल गाळत नाही, खाते. सकाळी पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का बघा. तो विषय वेगळा. फक्त स्टार्टलाच धूर येत असेल तर व्हॉल्व्ह सील कडक झालेले असू शकतात आणि खाली सांगितलेल्या बाटलीचा थोडा फायदा होतो. चालताना सतत धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, त्यावर बाटली नाही.

पाना न लावता करायच्या तपासण्या

डिपस्टिक बघा, पण ऑइल कमी आहे का यासाठी नव्हे, जास्त तर नाही ना यासाठी. छोट्या इंजिनात ऑइल ३ लिटरच्या आसपासच मावतं. साडेतीन लिटरचा डबा पूर्ण ओतून दिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली की क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) ते ऑइल घुसळतो, फेस होतो, दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर येतं. जादा ऑइल काढलं की गळती थांबते.

सर्व्हिसिंगनंतर दोन-चार दिवसांत गळती सुरू झाली असेल तर संशय आधी ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्टवर घ्या. जुन्या फिल्टरचं रबरी रिंगण कधीकधी इंजिनलाच चिकटून राहतं, त्यावर नवा फिल्टर बसतो आणि दोन रिंगांमधून ऑइल वाहतं. ही गळती थेंबाथेंबाने होत नाही, धार लागते, म्हणून ती त्याच दिवशी बघा. ड्रेन बोल्टचा वॉशर चेपून बसणारा असतो आणि ऑइल बदलताना दर वेळी नवा घालायचा असतो. तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो. जुना वॉशर ठेवून बोल्ट आणखी आवळणं मात्र टाळा, अॅल्युमिनियमच्या चेंबरचे (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचे) आटे बसले तर काम भलतंच वाढतं.

कूलंट कमी होत असेल तर पहिला संशय रेडिएटरच्या टोपणावर. साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंश, पण टोपणाने साधारण १ बार दाब धरून ठेवला तर तो १२० अंशांच्या जवळ जातो. टोपणाचं रबर चिरलं किंवा स्प्रिंग ढिली पडली की दाब राहत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि टाकीतून बाहेर जातं. मालकाला वाटतं रेडिएटर गळतोय. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा ही तक्रार हमखास येते. इंजिन पूर्ण थंड असताना टोपण काढा, रबर नखाने दाबून बघा, कडक किंवा भेगाळलेलं असेल तर त्याच दाबाचं नवं टोपण बसवा. गरम इंजिनाचं टोपण कधीही उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर येतं आणि कातडी सोलून निघते.

होज पाइपच्या टोकांना, क्लिपांजवळ पांढरा किंवा हिरवट सुका थर दिसला तर कूलंट तिथूनच पाझरून वाळत आहे. क्लिप आवळा. पाइप दाबल्यावर कुरकुर वाजला किंवा टोकाला फुगला असेल तर पाइप बदला.

धुवा, पावडर मारा, उगम शोधा

चालत्या गाडीत वारा ऑइलला मागे आणि खाली नेतो. त्यामुळे थेंब जिथून पडतो तिथे गळती क्वचितच असते. ओलाव्यातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा हा उगम धरायचा.

इंजिन थंड असताना डीग्रीझर आणि ब्रशने तो भाग स्वच्छ करा. डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना वीज वाटतो तो), अल्टरनेटर आणि वायरिंगची जोडणी प्लास्टिकच्या पिशवीने झाका, प्रेशरचं पाणी मारू नका. कोरडं झालं की साधी टाल्कम पावडर हलक्या हाताने फुंका. पिशव्या काढून गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा आणि टॉर्च लावून बघा. पांढऱ्या पावडरवर ऑइलची ओली रेघ उमटलेली दिसते. ती वरच्या दिशेने जिथे संपते तिथे बोट ठेवा.

हे अर्ध्या तासाचं काम किती खर्च वाचवतं त्याचं एक उदाहरण देतो. शेजारच्यांच्या जुन्या कार्ब्युरेटरच्या झेनमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून ऑइल टपकायचं. एका गॅरेजात क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं सांगितलं होतं. पावडर मारल्यावर रेघ दिसली ती वर, हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) टोकाला डिस्ट्रिब्युटर बसतो तिथून निघालेली. ऑइल गिअरबॉक्सच्या कवचावरून ओघळत खाली जात होतं, आणि खालून बघणाऱ्याला ते मागचं सीलच वाटणार. आतली रबरी ओ-रिंग काढली तर ती वाकवताच तुटली. नवी ओ-रिंग बसवली, डिस्ट्रिब्युटर आधी केलेल्या खुणेवरच परत लावला आणि गळती बंद झाली. मारुतीच्या त्या काळच्या इंजिनांत ही जागा कायम तपासा.

ब्रीदर, मग टॅपेट पॅकिंग

पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर काढायला टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावरून, एअर फिल्टरकडे किंवा इनटेककडे एक रबरी नळी जाते, तोच ब्रीदर; काही गाड्यांत त्यात पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. ही वाट काजळीने बुजली की आतला दाब वाढतो आणि जो सील सगळ्यांत अशक्त असेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. अशा गाडीत नवा सील घातला तरी तो पुन्हा गळतो. माझ्या बघण्यात ही सगळ्यात दुर्लक्षित तपासणी आहे आणि तिला खर्च म्हणाल तर रॉकेल आणि चिंधी. नळी काढा, आतून साफ करा, फुंकून वारा जातो का बघा. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवा, खुळखुळ वाजला तर सुटा आहे, गप्प राहिला तर अडकलाय.

साफ केल्यावर इंजिन चालू ठेवून ऑइलचं टोपण सैल करून नुसतं टेकवून ठेवा. किंचित वाफ ठीक. टोपण नाचत असेल, धूर भकाभक येत असेल तर रिंगा झिजल्या आहेत. ही गाडी आता इंजिनवाल्याकडे न्यायची.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग ही जुन्या गाडीतली सर्वांत जास्त आढळणारी गळती. जळका वास बहुतेक वेळा याचाच असतो, कारण ऑइल ओघळून तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं. पॅकिंग कॉर्कचं असो की रबरी, एकदा वाळून चपटं झालं की कोणतंही औषध त्याला परत जागेवर आणत नाही. छोट्या गाडीचं नवं पॅकिंग स्टॉप लीकच्या बाटलीहून स्वस्त पडतं. दोन्ही पृष्ठभाग पुसून कोरडे करा, पॅकिंग बसवा आणि नट समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळा. जास्त जोर लावला की पत्र्याचं कव्हर वाकतं आणि गळती कायमची मागे लागते.

आता बाटली : इंजिन ऑइलसाठी

इथपर्यंत येऊन उगम क्रँकचा किंवा कॅमचा ऑइल सील निघाला, ओलावा आहे पण धार नाही, रात्रीत चार-सहा थेंब पडतात, तर बाटली वापरून बघायला हरकत नाही.

कुकरची जुनी रिंग जशी वाळून आकसते आणि शिट्टीऐवजी कडेने वाफ सोडते, तसंच सीलचं होतं. रबर मऊ ठेवणारा घटक वर्षानुवर्षांच्या उष्णतेने निघून जातो आणि सीलची धार शाफ्टला नीट टेकत नाही. चांगल्या स्टॉप लीकमधली द्रव्यं रबरात मुरतात, त्याला थोडं मऊ करतात आणि फुगवतात. धार पुन्हा टेकते. म्हणून हा उपाय वाळलेल्या रबरावर चालतो. फाटलेलं सील, शाफ्टला पडलेली खाच, तडकलेला चेंबर, सैल बोल्ट, कॉर्क, कागदी पॅकिंग, यांतल्या कशावरही चालत नाही.

टाकण्याची पद्धत : बाटली किती लिटर ऑइलसाठी आहे ते लेबलवर वाचा. बऱ्याच बाटल्या ४-५ लिटरच्या हिशोबाच्या असतात, ८०० किंवा झेनमध्ये त्याच प्रमाणात कमी घाला. घालण्याआधी तेवढं ऑइल काढून घ्या, पातळी वरच्या खुणेच्या वर जाता कामा नये. इंजिन गरम करून ओता आणि नेहमीसारखी गाडी वापरा. फरक दिसायला शे-दोनशे किलोमीटर जावे लागतात, कधी त्याहून जास्त. पाचशे किलोमीटरनंतरही पुठ्ठा तसाच ओला असेल तर दुसरी बाटली नको. जास्त मात्रेने रबर लिबलिबीत होतं आणि शाबूत असलेले सीलही बिघडतात. थिनरसारखा वास येणारी, एका दिवसात गळती बंद अशी हमी देणारी बाटली मी घेत नाही. ती सील लवकर फुगवते आणि लवकर खराबही करते.

पाझर अगदीच किरकोळ असेल तर बाटलीही नको. पुढच्या वेळी जास्त चाललेल्या गाड्यांसाठीचं ऑइल घाला, त्यात सील मऊ ठेवणारी द्रव्यं मुळातच असतात. गाडीच्या पुस्तकात आपल्या हवेसाठी जाड ग्रेड दिलेला असेल तर तोही चालेल.

मोटरसायकलमध्ये मात्र ही बाटली टाकू नका. बऱ्याच बाइकचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो आणि तो घसरायला लागतो.

रेडिएटरसाठी बाटली, आणि हळद

इथे मी जास्त सावध आहे. कूलंटमध्ये टाकायचं स्टॉप लीक रबरावर काम करत नाही, ते भोक बुजवतं. त्यात बारीक तंतू, धातूची भुकटी, वनस्पतींचा चुरा किंवा सोडियम सिलिकेट असतं. जे द्रव्य बारीक भोक बुजवतं ते रेडिएटरची बारीक नळीही बुजवू शकतं. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, म्हणून वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये गेलेलं असतं. नळ्यांच्या आत क्षाराचा थर बसलेला असतो आणि हे कण त्यालाच अडकतात. गळती थांबते, पण गाडी तापायला लागते.

म्हणून बाटली उघडण्याआधी, थंड इंजिनावर, टोपण काढून टॉर्चने आत बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत टोपणाखालीच नळ्यांची तोंडं दिसतात. ती स्वच्छ, उघडी दिसली तर ठीक. कडेला पांढरी खपली किंवा तांबूस चिखल साठून तोंडं बारीक झाली असतील तर बाटली अजिबात नको. रेडिएटर काढून दुरुस्तीवाल्याकडे द्या. पितळ-तांब्याचा असेल तर साफ होऊन, झाळून मिळतो.

रेडिएटरमध्ये हळद टाकायची जुनी पद्धत हायवेवरच्या ट्रकवाल्यांना विचारा, सगळ्यांना माहीत आहे. ती चालते. हळद भिजून फुगते आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकात बसते. अक्कलकोटहून परतताना वाटेत पाणी गळायला लागलं आणि जवळ दुसरं काही नाही, तर इंजिन थंड होऊ द्या, एक-दोन चमचे हळद पाण्यात कालवून घाला, काट्यावर नजर ठेवून घरी या. दुसऱ्याच दिवशी ते सगळं फ्लश करून काढा. बाटलीतल्या स्टॉप लीकचंही तेच : त्याला दुरुस्ती होईपर्यंतची सोय समजा. नंतर भरताना कूलंट आणि बॅटरीवालं डिस्टिल्ड पाणी निम्मंनिम्मं.

वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून थेंब येत असतील तर पंपाचं सील संपलं आहे. ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं, ते बुजवू नका, पंप बदला. डाव्या पायाखालची मॅट ओली आणि काचेवर आतून चिकट वाफ धरत असेल तर हीटरची जाळी गळतेय.

पॉवर स्टिअरिंगच्या रॅकचं सील पाझरत असेल तर त्याच्यासाठीची खास बाटली कधीकधी काही महिने काढून देते. पाइपची जोडणी गळत असेल तर पाइपच बदलावा लागतो.

इथे थांबा, फिटरला बोलवा

ब्रेक ऑइलच्या टाकीत कोणतंही स्टॉप लीक, इंजिन ऑइल, स्टिअरिंग ऑइल, एक थेंबही घालू नका. ब्रेकमधलं रबर वेगळ्या जातीचं असतं. खनिज तेल लागलं की ते बेताल फुगतं, पिस्टन अडकतात, ब्रेक चाकाला धरून राहतात किंवा लागतच नाहीत. मग मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतचं सगळं रबर बदलावं लागतं. पॅड झिजतात तशी पातळी हळूहळू थोडी उतरते, ते नैसर्गिक आहे. पण ती भराभर उतरली, पेडल खाली जात राहिलं किंवा चाक आतून ओलं दिसलं, तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, टोचन करून किंवा फिटरला घरी बोलवून काम करा.

पेट्रोल किंवा गॅसचा वास आला तर इंजिन बंद, सगळे खाली उतरा, काडी-सिगारेट लांब. टाकीला साबण चोळून गाडी चालवायचा प्रकार करू नका.

ऑइलचा लाल दिवा चालताना पेटला तर त्याच क्षणी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला तरी तसंच. ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ, चहाच्या रंगाचा साका, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे : हे हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, गेल्याचं लक्षण आहे. बाजारात त्यावरही बाटल्या आहेत, पण कूलंट ऑइलमध्ये मिसळलं असेल तर बेअरिंगं खराब होतात. हेड उघडून प्लेन करून घेणं हाच उपाय.

टायमिंग बेल्टच्या बाजूचं सील गळत असेल तर बाटलीत वेळ घालवू नका. ऑइलने बेल्ट फुगतो, कुजतो, आणि तुटला की काही इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. सील आणि बेल्ट एकत्र बदलून घ्या. मागच्या सीलमधून येणारं ऑइल क्लचवर गेलं आणि चढावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही असं झालं, तर गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. आणि गाडीखाली शिरून करायचं कोणतंही काम नुसत्या जॅकवर करू नका. गाडी टेकवायच्या घोड्या (जॅक स्टँड) नसतील तर ते काम गॅरेजातच करा.

गाडी फिटरकडे दिली की आधी काय ओतलं आहे ते स्पष्ट सांगा : कोणती बाटली, किती, कधी, आणि हळद टाकली असेल तर तेही. रेडिएटर उघडल्यावर आत दिसणारा गाळ कशाचा हे त्याला कळलं तर तो आधी फ्लश करेल, थर्मोस्टॅट काढून बघेल. नाही सांगितलं तर नवा रेडिएटर बसवेल आणि इंजिनात उरलेला तोच गाळ त्यात जाऊन बसेल.